फी आधी, वर्ग नंतर: मधल्या काळात पैसा कुणाच्या ताब्यात?

सोलापूर जिल्ह्यात ऊस लावणाऱ्या माणसाला १४ हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. कारखान्याला ऊस घातला की १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला रास्त दर) खात्यावर जमा झाली पाहिजे, नाही झाली तर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरीही कारखान्याने दाद दिली नाही तर साखर आयुक्त आरआरसी (महसुली वसुलीचा दाखला) काढतात आणि जिल्हाधिकारी गोदामातली साखर जप्त करू शकतात. प्रत्यक्षात बिलं थकतात, मोर्चे निघतात, रस्ता रोको होतो, हे खरंच आहे. पण भांडायला हातात काहीतरी असतं. तारीख असते, व्याजाचा दर असतो, जप्त करता येईल असा माल असतो. जो आधी देतो आणि नंतर घेतो त्याची बाजू पडती असते, हे कायद्याने मान्य केलेलं असतं.

तोच माणूस मुलाला किंवा मुलीला शिकायला परदेशी पाठवतो तेव्हा तो पुन्हा आधी देणाराच असतो. इथे ऊस नाही, रोख रक्कम आहे, आणि ती मिळाल्यावर समोरच्याने द्यायची वस्तू पुढची दोन, तीन किंवा सहा वर्षं थोडी थोडी मिळणार आहे. पैसा गेल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत चार-सहा महिने सहज जातात. त्या काळात कॉलेज बुडालं, त्याची मान्यता गेली, व्हिसा नाकारला गेला किंवा मधला एजंट गायब झाला, तर ती रक्कम कुणाच्या खात्यात आहे आणि ती परत मागायचा हक्क कुठल्या कलमात आहे, हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही. एजंटांच्या सेमिनारमध्ये तर नाहीच नाही. तिथे रँकिंग, पार्ट-टाइम जॉब आणि पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) यांची चर्चा असते.

परदेशी विद्यार्थ्यांच्या संरक्षणाचा सगळा विषय आमच्या मते या एका प्रश्नाशी येऊन थांबतो: आगाऊ घेतलेली फी कुणाच्या ताब्यात आहे? तिचा बंदोबस्त करणारा नियम विद्यार्थ्याला वाचवतो. तिला हात न लावता फक्त विद्यार्थ्याची हजेरी, पत्ता आणि कामाचे तास मोजणारा नियम विद्यार्थ्यावर पाळत ठेवतो. जगभर दुसऱ्या प्रकारचे नियम भरपूर आहेत आणि पहिल्या प्रकारचे फार थोडे.

त्या थोड्यांतला नीट बांधलेला नियम ऑस्ट्रेलियाचा. तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या शिक्षणसेवेसाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे. तरीही २००९ च्या सुमाराला तिथली खाजगी कॉलेजं एकामागोमाग एक बंद पडली. केशकर्तन, स्वयंपाक असे अभ्यासक्रम तेव्हा कायम वास्तव्याच्या यादीला जोडलेले होते, त्यामुळे शिकवायची कुवत नसलेल्यांनीही वर्ग भाड्याने घेऊन दुकानं थाटली होती. त्यात भारतीय मुलं मोठ्या संख्येने होती. त्यानंतर सगळ्या संस्थांना पुन्हा नोंदणी करायला लावली गेली, ब्रूस बेअर्ड यांच्या समितीने २०१० मध्ये अहवाल दिला आणि जुलै २०१२ पासून ट्यूशन प्रोटेक्शन सर्व्हिस सुरू झाली.

तिची रचना आपल्याकडच्या माणसाला चटकन कळावी अशी आहे. परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या संस्थांना दरवर्षी एका निधीत वर्गणी भरावी लागते, आणि ही वर्गणी सगळ्यांना सारखी नसते: ज्या संस्थेत धोका जास्त तिचा हप्ता जास्त. कॉलेजने कोर्स सुरूच केला नाही किंवा मध्येच बंद केला, तर तीन कामकाजाच्या दिवसांत सरकारला कळवायचं आणि १४ दिवसांत विद्यार्थ्याला एकतर दुसरी मान्य जागा द्यायची किंवा न शिकवलेल्या भागाची फी परत करायची. (इथेही चौदाच दिवस. योगायोग असला तरी सोलापूरकराच्या लक्षात राहील असा.) कॉलेजने ते केलं नाही तर निधी पुढे येतो, दुसऱ्या संस्थांतल्या जागा समोर ठेवतो, आणि जागा जमली नाही तर रक्कम परत करतो. शिवाय २५ आठवड्यांपेक्षा मोठ्या कोर्सला संस्थेने वर्ग सुरू होण्याआधी निम्म्याहून जास्त फी मागता येत नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादाही नीट समजून घ्यायला हव्यात, कारण एजंट 'तिकडे सरकार पैसे परत देतं' एवढंच सांगतो. परत मिळते ती फक्त न शिकवलेल्या भागाची शिकवणी-फी. विमानाचं तिकीट, घरभाडं, व्हिसा शुल्क, एजंटला दिलेले 'प्रोसेसिंग'चे पैसे यांतलं काहीही नाही. निम्म्या फीच्या मर्यादेलाही एक फट आहे: विद्यार्थ्याने स्वतःहून जास्त भरायचं ठरवलं तर त्याला मुभा आहे. मग 'पूर्ण वर्षाची फी भरली की व्हिसाची फाईल मजबूत होते' असं सांगून ती मुभा वापरायला लावली जाते. तिसरी गोष्ट, नोंदणी कॉलेजची असते तशीच प्रत्येक कोर्सचीही असते. कॉलेज यादीत आहे पण आपला कोर्स नाही, असं होऊ शकतं. म्हणून ऑफर लेटरवरचा क्रायकॉस (परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या कोर्सची सरकारी नोंदवही) कोर्स-कोड सरकारी संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहायचा, कॉलेजचं नाव बघून समाधान मानायचं नाही.

न्यूझीलंडने एक पाऊल पुढे टाकलं आहे. तिथल्या खाजगी प्रशिक्षण संस्थांना विद्यार्थ्याची फी सर्वसाधारणपणे विश्वस्त खात्यात ठेवावी लागते आणि जसजसं शिकवून होतं तसतशी ती थोडी थोडी उचलता येते. संस्था बुडाली तर न उचललेली रक्कम तिच्या घेणेकऱ्यांकडे जात नाही, विद्यार्थ्याची राहते. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांच्या देखभालीची संहिता पाळायचं मान्य केल्याशिवाय संस्थेला परदेशी विद्यार्थी घेताच येत नाहीत.

ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायला गेलं तर नेमकं हेच संरक्षण मिळतं. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार बिल्डरने ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेतली ७० टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवायची, आणि काम जितकं झालं तितकीच, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांच्या दाखल्यावर काढायची. तो फ्लॅट विकून देणाऱ्या दलालालाही महारेराकडे नोंदणी लागते आणि जाहिरातीवर नोंदणी क्रमांक लागतो. आता तेवढ्याच, म्हणजे तीस-पस्तीस लाखांच्या पदवीचा विचार करा. ती विकणाऱ्याला महाराष्ट्रात कुठलीही विशेष नोंदणी लागत नाही. गाळा भाड्याने घ्यायचा, दुकान नोंदणी करायची, काचेवर चार देशांचे झेंडे लावायचे, की तो 'ओव्हरसीज एज्युकेशन एक्स्पर्ट' झाला. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या रिक्रूटिंग एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन (परदेशगमन) कायद्याखाली परवाना लागतो. शिक्षणासाठी पाठवणारा त्या चौकटीत बसत नाही. विटा आणि सिमेंट घेणाऱ्याला जे संरक्षण आपण दिलं ते मुलाचं आयुष्य पणाला लावणाऱ्या बापाला दिलं नाही, याची खंत वाटायला हवी.

इतर देशांत नियम विद्यार्थ्याला कसे उलटे लागतात, ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये विद्यापीठाला परदेशी विद्यार्थी घ्यायला प्रायोजक परवाना लागतो. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा हा परवाना रद्द झाला. ठपका विद्यापीठाच्या कारभारावर होता, पण दोन हजारांहून जास्त परदेशी विद्यार्थ्यांचं भवितव्य टांगणीला लागलं. तिथला सर्वसाधारण नियम असा आहे की प्रायोजकाचा परवाना गेला की विद्यार्थ्याची मुदत ६० दिवसांवर येते. तेवढ्यात दुसरं विद्यापीठ गाठा नाहीतर देश सोडा. विद्यापीठांचं मूल्यमापन ज्या निकषांवर होतं ते म्हणजे व्हिसा नाकारण्याचं प्रमाण किती, नाव नोंदवायला किती आले, कोर्स किती जणांनी पुरा केला. व्हिसा नाकारण्याची मर्यादा बरीच वर्षं १० टक्के होती, आता ती आणखी कडक होते आहे. हे सगळे निकष सरहद्दीच्या काळजीतून आलेले आहेत. किती विद्यार्थ्यांना फी वेळेत परत दिली, असा निकष त्यांत नाही.

अमेरिकेची गोष्ट त्याहून कटू आहे, आणि सोलापूरच्या पूर्व भागाने ती विशेष लक्ष देऊन वाचावी, कारण इथल्या तेलुगूभाषक कुटुंबांचे नातेसंबंध हैदराबादशी आहेत आणि फाईलही बहुतेकदा तिकडच्याच ओळखीने लावली जाते. कॅलिफोर्नियातलं ट्राय-व्हॅली विद्यापीठ जानेवारी २०११ मध्ये तपासयंत्रणेने बंद केलं. तिथल्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांत बहुसंख्य भारतीय होते, त्यातले बरेचसे तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले. शेकडो विद्यार्थी कागदोपत्री एकाच पत्त्यावर राहत होते, तरी त्या संस्थेला आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं पत्र) द्यायचा अधिकार सरकारनेच दिलेला होता. कारवाई झाली तेव्हा काही मुलांच्या पायात ठावठिकाणा कळवणारे रेडिओ पट्टे अडकवले गेले. संस्थाचालिकेला १६ वर्षांची शिक्षा झाली, पण ती २०१४ मध्ये. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ तर होमलँड सिक्युरिटी खात्याने स्वतःच उभं केलेलं बनावट विद्यापीठ होतं. सरकारमान्य यादीत त्याचं नाव होतं. २०१९ मध्ये सुरुवातीलाच १२९ भारतीय विद्यार्थी पकडले गेले. त्यांतले काही जाणूनबुजून गेले असतील, हे मान्य करू. पण 'सरकारी यादीत नाव आहे का ते तपासा' हा जो सल्ला आपण सगळे देतो, तो त्या मुलांनी पाळला असता तरी ती वाचली नसती.

त्याच अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्यात एक कलम आहे. सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांनी विद्यार्थी आणून देणाऱ्याला डोईमागे कमिशन देऊ नये, कारण त्यामुळे चुकीच्या कोर्समध्ये भरती होते, असं ते सांगतं. आणि लगेच अपवाद करतं: परदेशात राहणाऱ्या, सरकारी मदतीला पात्र नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या भरतीला ही बंदी लागू नाही. म्हणजे डोईमागे कमिशन घातक आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण आपल्या मुलांपुरतं ते चालवून घेतलं आहे. भारत सरकारने शिक्षणविषयक करारांच्या बैठकीत हा एक मुद्दा टेबलावर ठेवला, तरी पुष्कळ काम होईल.

कॅनडाने चूक करून मग सुधारणा केली. २०२२ च्या जानेवारीत मॉन्ट्रियल परिसरातल्या तीन खाजगी कॉलेजांनी एकदम घेणेकऱ्यांपासून न्यायालयाचं संरक्षण मागितलं आणि वर्ग थांबवले. सुमारे दोन हजार विद्यार्थी अडकले, त्यांत भारतीय बहुसंख्य. काही कॅनडात, काही इथेच घरी ऑनलाइन शिकणारे. त्या काळात झटपट व्हिसाच्या योजनेत पहिल्या वर्षाची संपूर्ण फी आधी भरणं ही सरकारचीच अट होती. ती योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. पण ज्या अटीमुळे पैसा अडकत होता ती अट व्हिसा खात्याने घालायची, आणि फी परत देण्याची जबाबदारी मात्र प्रांतांवर सोडायची, ही विसंगती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरं प्रकरण २०२३ मध्ये उघड झालं, बनावट ऑफर लेटरचं. जालंधरच्या एजंटाने दिलेल्या पत्रांवर मुलांना व्हिसा मिळाला. तिथे पोचल्यावर त्यांना सांगितलं गेलं की जागा भरल्या, आता दुसऱ्या कॉलेजला प्रवेश घ्या. मुलांनी घेतला, शिकली, नोकरीला लागली, आणि पीआरचा अर्ज केल्यावर कळलं की मूळ पत्रच खोटं होतं. हे शक्य झालं, कारण कॉलेजला कुणी विचारतच नव्हतं. १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडाने प्रत्येक स्वीकृतिपत्र कॉलेजकडून दहा दिवसांत पडताळून घेणं सक्तीचं केलं. साधा, स्वस्त नियम आहे, आणि त्याचा भार योग्य जागी टाकला आहे: कागद खरा आहे हे दाखवण्याची जबाबदारी कागद देणाऱ्यावर.

अशी पत्रं इतका काळ खपली याचं एक कारण आपल्याकडच्या कामाच्या पद्धतीत आहे. फाईल लावताना एजंट विद्यार्थ्याच्या नावाने नवा ईमेल उघडतो आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवतो. कॉलेजचं प्रत्येक पत्र, फीची पावती, प्रवेश रद्द झाल्याची सूचना त्या ईमेलवर जाते आणि विद्यार्थ्याला व्हॉट्सअॅपवर फक्त पीडीएफ मिळते. पीडीएफ काय, कुणीही बनवू शकतो. ईमेल आणि कॉलेजच्या पोर्टलचा पासवर्ड विद्यार्थ्याच्याच हातात राहील, एवढी एक अट सक्तीची केली तरी बनावट पत्रांचा धंदा बराच अवघड होईल.

दुसरी मेख साखळीत आहे. सोलापुरातलं ऑफिस बहुधा कॉलेजचा थेट प्रतिनिधी नसतं. कॉलेजचा करार एका मोठ्या मध्यस्थ कंपनीशी, तिचा पुण्या-हैदराबादच्या कन्सल्टन्सीशी, आणि तिचा इथल्या सब-एजंटशी. पहिल्या वर्षाच्या फीच्या साधारण १० ते २० टक्के कमिशन कॉलेजकडून निघतं आणि या पायऱ्यांवर वाटलं जातं. सल्ला फुकट दिसतो तो यामुळे. शेवटच्या पायरीवरच्या माणसाला जिथे वाटा जास्त तेच कॉलेज 'बेस्ट' वाटू लागतं. सगळेच असं करतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. गावात वर्षानुवर्षं नाव राखून सचोटीने हे काम करणारे आहेत. पण प्रामाणिकपणा कमिशनच्या पाटीवर लिहिलेला नसतो, आणि कोणत्या कॉलेजकडून किती वाटा मिळतो हे विद्यार्थ्याला लेखी कळवायचं बंधन नसेल, तर चांगल्या-वाईटात फरक करायचा कसा? ऑस्ट्रेलियात कॉलेजला आपल्या एजंटांची यादी संकेतस्थळावर टाकावी लागते. सोलापूरच्या ऑफिसचं नाव त्या यादीत नसेल तर तो सब-एजंट आहे, आणि त्याने केलेल्या कुठल्याही वचनाला कॉलेज बांधील असेलच असं नाही.

पैसा नेमका कुठे अडकतो, हे जरा बारकाईने सांगायला हवं. सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरून, ऑफर लेटर जोडून, थेट विद्यापीठाच्या खात्यावर रक्कम पाठवणं. बरीच विद्यापीठं पेमेंट कंपन्यांमार्फतही फी घेतात. तेव्हा रुपये भारतातल्याच एखाद्या खात्यात भरायला सांगितलं जातं, आणि खात्याचं नाव विद्यापीठाचं दिसत नाही. हे वैध असतं, पण त्याच्या आडून एजंट आपलं खातंही पुढे करू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे: पेमेंटची सुरुवात विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतः लॉग-इन करून झाली पाहिजे, एजंटने पाठवलेल्या लिंकवरून नाही. 'आमच्या खात्यावर भरा, बँकेचे चार्जेस वाचतील' हे वाक्य कानावर आलं की तिथेच थांबावं. कारण परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यावर जातो, हा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. फी एजंटच्या खात्यातून गेली असेल तर व्हिसा नाकारल्यावर कॉलेज प्रामाणिकपणे रक्कम परत करतं आणि ती एजंटच्या खात्यात पडते. पुढचे सहा महिने 'अजून आले नाहीत' हे उत्तर ऐकावं लागतं.

यात एक उलटा न्याय आहे. कर्ज काढणारा विद्यार्थी स्वतःच्या पैशाने जाणाऱ्यापेक्षा जास्त सुरक्षित असतो. बँक सत्रागणिक हप्ता सोडते, थेट संस्थेच्या खात्यावर सोडते, आणि कागद तपासते. पण इथल्या अनेक कुटुंबांकडे तारण म्हणून असते ती शेतजमीन, आणि परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जाला बँका सहसा सातबाऱ्यावर समाधान मानत नाहीत. एनए प्लॉट किंवा घर मागतात. मग जमीन विकून, सोनं मोडून, नात्यात हातउसने घेऊन रोख उभी केली जाते, आणि ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज तोच एकरकमी पैसे देऊन बसतो.

वैद्यकीय शिक्षणाचा प्रकार वेगळाच आहे आणि सोलापूरसारख्या दवाखान्यांच्या गावात तोच सगळ्यात मोठा. या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते डॉक्टर म्हणून सेवा करायला. आज इथली मुलं डॉक्टर व्हायला रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जियाकडे जातात. त्यांना विकली जाणारी सर्वांत मोठी थाप म्हणजे 'एनएमसी मान्यताप्राप्त कॉलेज'. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही आणि मान्य कॉलेजांची यादीही ठेवत नाही. आयोग पाहतो तो कोर्स. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचं शिक्षण हवं, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, माध्यम इंग्रजी हवं, सगळं शिक्षण एकाच परदेशी संस्थेत झालेलं हवं, आणि त्या देशाच्या नागरिकाला मिळतो तसा व्यवसायाचा परवाना त्या पदवीवर मिळाला पाहिजे. हे सगळं दहा वर्षांच्या आत. यातली एक अट जरी मोडली तरी भारतात डॉक्टर म्हणून कायम नोंदणी मिळत नाही. सगळ्यात जास्त घात होतो तो परवान्याच्या अटीवर, कारण तिथल्या स्थानिक डॉक्टरला परवाना मिळण्याआधी कुठली परीक्षा किंवा कोणती भाषा लागते, हे प्रवेश घेताना कुणी सांगत नाही. आणि अटी पाळूनही एफएमजीई ही भारतातली चाळणी परीक्षा उरतेच: ३०० पैकी १५० गुण, आणि अलीकडच्या अनेक परीक्षांत पास होणारे साधारण पाचांत एक.

'एकाच संस्थेत' या अटीमुळे ऑस्ट्रेलियासारखा उपाय इथे पुरा पडत नाही. कॉलेज बंद पडलं तर दुसरीकडे जागा मिळून भागत नाही, कारण बदलीनेच पदवी भारतात निरुपयोगी होऊ शकते. २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेल्या सुमारे १८ हजार विद्यार्थ्यांबाबत आयोगाला खास सवलत काढावी लागली ती यामुळेच. म्हणून वैद्यकीय प्रवेशांत प्रवेशाआधीच अडवणारा नियम हवा. कोर्स या अटींत बसतो, असं एजंटने सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं, आणि ते खोटं ठरलं तर भरलेली सर्व रक्कम त्याच्याकडून वसूल व्हावी. तोंडी 'मान्यताप्राप्त' म्हणणाऱ्याची जीभ कागदावर आल्यावर बरीच आवरेल.

परदेशी नियामक सोलापुरातल्या गाळ्यापर्यंत पोचू शकत नाही. कॅनबेरा किंवा ओटावा कॉलेजला दंड करेल, सब-एजंटला नाही. तो आपल्याच पोलिसांच्या, आपल्याच जिल्हाधिकाऱ्यांच्या हद्दीत बसलेला आहे, आणि त्याच्यासाठी महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा लागेल. पंजाबने २०१२ मध्ये असा कायदा केला आणि आयईएलटीएस क्लासपासून कन्सल्टन्सीपर्यंत सगळ्यांना जिल्हा प्रशासनाचा परवाना बंधनकारक केला. पण २०२३ चं बनावट पत्रांचं प्रकरण तिथेच, कायदा असताना घडलं. त्यामुळे पंजाबची नक्कल करून भागणार नाही. भिंतीवर लावलेला परवाना बुडालेले पैसे भरून देत नाही, ठेव देते. नोंदणी करताना ऑफिसने बँक हमी ठेवावी, आणि ऑफिस वर्षाला किती फाइली लावतं त्या प्रमाणात ती वाढावी. विद्यार्थ्याशी करार मराठीत असावा. त्यात साखळीतल्या प्रत्येक मध्यस्थाचं नाव, कॉलेजकडून मिळणारं कमिशन आणि व्हिसा नाकारल्यास कोणती रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे आकड्यांत असावं. संस्थेची फी स्वतःच्या खात्यात घेणं हा सरळ गुन्हा ठरवावा. थकलेली रक्कम आरआरसीसारखी, महसुली थकबाकी म्हणून वसूल व्हावी. ती यंत्रणा जिल्हाधिकारी कार्यालयात आधीच आहे, नवी उभारायची गरज नाही.

याला दोन हरकती घेतल्या जातात. पहिली, छोटे प्रामाणिक सल्लागार बँक हमीच्या ओझ्याखाली बंद पडतील आणि मोठ्या साखळी कंपन्याच उरतील. ही हरकत खरी आहे, म्हणून हमी सरसकट नको, फाइलींच्या प्रमाणात हवी. आणि जो फीला हातच लावत नाही, फक्त सल्ल्याचे पैसे पावतीने घेतो, त्याला नाममात्र असावी. दुसरी हरकत, मुलं शिकायला कुठे जातात, कमवायला जातात, सगळं माहीत असतं त्यांना. काही जातात. पण कमवायच्या इच्छेने गेलेल्या मुलाची फी बुडवण्याचा परवाना त्यामुळे कुणाला मिळत नाही. शिवाय रोजच्या सहा तासांच्या कामात वर्षाची फी निघते, असं त्याला ज्याने सांगितलं त्याचीही काही जबाबदारी आहे की नाही?

कायदा होईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने आठवड्यातून दोन दिवस ऑफर लेटर पडताळणीचा कक्ष चालवला, तर फार खर्च नाही: क्रायकॉस कोड, ब्रिटनची प्रायोजक यादी, कॅनडाचा डीएलआय (परदेशी विद्यार्थी घ्यायला मान्य संस्थेचा) क्रमांक आणि कॉलेजच्या प्रवेश विभागाला विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून एक पत्र. बँकांच्या शाखांनी ए-टू फॉर्म घेताना लाभार्थ्याचं नाव ऑफर लेटरवरच्या संस्थेशी जुळतं का, एवढं पाहून न जुळल्यास पालकाला लेखी सावध करावं.

आणि ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांना आजही एक दार उघडं आहे. कॉलेज 'सेवा' देतं की नाही यावर न्यायालयांत वाद असला तरी कन्सल्टन्सी पैसे घेऊन सेवा देते, हे उघड आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो, त्यामुळे ऑफिस पुण्यात असो की हैदराबादेत, तक्रार सोलापुरातच दाखल होते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि त्यापुढे ५० लाखांपर्यंत १,०००. मुदत दोन वर्षांची, आणि 'पैसे येतील, येतील' म्हणत एजंट नेमकी हीच मुदत खाऊन टाकतो. तक्रारीला कराराची प्रत, बँकेचा उतारा, व्हॉट्सअॅपवरचे संदेश आणि पावती लागते. रोख दिलेल्या प्रोसेसिंग फीची पावती सहसा कुणाकडेच नसते. ती पैसे हातावर ठेवण्याआधी मागावी लागते.